शेवटची अकरा मिनिटं

करारनामा एकोणतीस पानांचा.
मी तो निवतीच्या जेटीवर वाचला,
रेंज फक्त तिथेच,
डिझेलच्या टाकीपासून चार पावलं, खांबाला टेकून.

शेजारी द्वारका खवणेकर बांगडे मोजत होती.
माझ्या सिनेमात ती द्वारका खवणेकरच होती,
फक्त नवरा खोटा, आणि मेलेला.
खरा नवरा तीन दृश्यांत मागे जाळं शिवताना दिसतो,
कॅमेऱ्याकडे पाठ करून.

"काय लिवलाहा त्येत?"
सांगितलं: जगभर, सात वर्षं, फक्त त्यांनाच.
पैसे मिनिटांवर, कोणी बघेल तितके.
मधे एक एजन्सी, तिचे तीस टक्के.
सबटायटल, आवाजाची तपासणी, फाइल पोचवणं,
हे सगळं आपल्या वाट्यातून आधी वजा.

तिने बांगडा टोपलीत टाकला.
"म्हणजे बर्फाचे पैशे पण आमीच देवचे."

मी सही केली.
दोन वर्षं हार्ड डिस्क पिशवीत घालून फिरलो होतो.
कणकवलीत सकाळी नऊचा एकच शो,
सतरा माणसं, त्यांतली सहा मावशीच्या घरची.
कुडाळात मशीन बंद.
सावंतवाडीत विचारलं, हिरो कोण.

सिनेमा आला एका शुक्रवारी, रात्री बाराला.
आला म्हणजे होता कुठेतरी खाली,
खाडीच्या गाळात तिसऱ्या असतात तसा,
पायाच्या अंगठ्याने चाचपल्याशिवाय
हाताला लागत नाहीत.
पूर्ण नाव टाईप करा, मग दिसे.
चित्रावर द्वारका नव्हती. एक सूर्यास्त होता,
आमच्या एकाही दृश्यात नसलेला.

देवळासमोर पडदा लावायचं ठरलं होतं,
हरमलकरांचा जनरेटरही सांगून ठेवलेला.
एजन्सीचा मेल आला: कलम चौदा,
सार्वजनिक प्रदर्शनास मनाई.
मग गाव जेटीवर आलं, आपापले फोन घेऊन.
गोल फिरत राहिलं ते फिरतच राहिलं.
पोरं कंटाळून गळ टाकायला गेली.

पहिल्या तिमाहीचा हिशेब उणे आला.
"उणे म्हणजे?"
म्हणजे आपणच देणं लागतो.
द्वारका हसली, इतकी
की पलीकडच्या होडीतला माणूस जाळं सोडून बघत राहिला.

फेब्रुवारीत एक मेसेज.
इनास फर्नांडिस, शिरोड्याचा, मालवाहू जहाजावर कुक.
बंदरात असताना सिनेमा उतरवून घेतलेला,
रात्रीची भांडी झाली की थोडा थोडा बघायचा.
वल्ह्याचा आवाज आला, लिहितो, आणि हात पिठातच राहिले.
मग मुदत संपली. भर समुद्रात,
अकरा मिनिटं उरलेली.
पुढचं बंदर नऊ दिवसांवर.
जहाजावरच्या नेटवर चित्र येत नाही,
आवाज येतो, रखडत.
"त्या बायेचा पुढे काय झाला? तितक्याच सांगा."

मी शेवट टाईप करायला घेतला. खोडला.
शेवटच्या शॉटमध्ये संवादच नाही.
काय लिहू, ती बघते, असं?

फोन द्वारकापुढे धरला.
तिने हात लुगड्याला पुसले,
तरी काचेवर एक खवला चिकटलाच.
बटण मी दाबून ठेवलं, बोलली ती.

माझ्या सिनेमात ती होडी विकते.
तिच्या तोंडून होडी विकली गेली नाही.
दर ठरला, गिऱ्हाईक आलं,
तिने त्याला चहा दिला, बिनदुधाचा,
आणि मेलेल्या नवऱ्याची एक खोड सांगितली
जी मी कधी लिहिली नव्हती.
मधेच लिलावाचा ओरडा सुरू झाला,
ती थांबली, मग मागून पुन्हा धरलं.

अकराची चौदा मिनिटं झाली.
हे कुठल्या कलमात बसतं, बघितलेलं नाही.

टोपली डोक्यावर घेताना ती म्हणाली,
"फुकट नाय म्हणान सांग त्येका.
येताना माका एक बरी सुरी हाड म्हणा."
तेही खाली टाईप केलं.
टिक अजून एकच आहे.